फोटोवरून माशी कशी ओळखावी? नागपुरातल्या नव्या निरीक्षकांसाठी

माशी ओळखायची असेल तर फोटोत तिचा पंख दिसला पाहिजे. बाकी सगळे त्यानंतर. नव्याने या छंदाकडे वळलेले बहुतेक जण डोळ्यांवर फोकस साधतात, कारण फोटो देखणा येतो तो डोळ्यांमुळे. पण माश्यांची कुले, म्हणजे जवळच्या नात्यातल्या माश्यांचे मोठे गट, वेगळी करणाऱ्या कितीतरी खुणा पंखांतल्या शिरांत असतात. नेमका तो भाग धूसर आला तर फोटो कितीही सुंदर असो, नाव अडते.

जगात माश्या आणि डास मिळून दीड लाखाहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. या आकड्याने दबून जायचे कारण नाही. नागपूरच्या अंगणात, गच्चीवर, गोठ्यात आणि फळांच्या टोपलीवर पुन्हापुन्हा भेटणाऱ्या माश्या मोजक्या कुलांतल्या असतात. कुल ओळखू येऊ लागले की पुढचा रस्ता सोपा होतो, म्हणून पहिले काही महिने जातीच्या नावामागे न लागता कुलावर लक्ष द्या.

पहिली पायरी: ती माशीच आहे ना?

खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात. त्यांना संतोलक म्हणतात, कारण उडताना त्या तोल सांभाळतात. मोठ्या, लांब पायांच्या माश्यांत त्या फोटोतही स्पष्ट दिसतात. घरमाशीसारख्या माश्यांत त्या पंखाच्या मुळाशी झाकलेल्या असतात.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख असतात. पण त्यांचा मागचा पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकलेला असतो, त्यामुळे फोटोत दोनच पंख असल्यासारखे वाटते. अशा वेळी शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा बघा. मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. तिची नक्कल करणाऱ्या माशीच्या आखूड, खुंट्यासारख्या असतात आणि बहुधा त्यांतून एक केस बाहेर आलेला असतो. डोळेही पाहा. माशीचे डोळे बहुतेक सगळे डोके व्यापतात.

विदर्भात आणखी एका गोष्टीने घोटाळा होतो. संत्र्याच्या पानांवर कोळशी आणणारी काळी माशी आणि कपाशीवरची पांढरी माशी या दोघी माश्यांच्या गणातल्या नाहीत. त्यांना चार पंख असतात, त्या सोंडेने झाडाचा रस शोषतात आणि त्यांचे नातेवाईक म्हणजे मावा आणि तुडतुडे. काळ्या माशीची पिल्ले चिकट गोड द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे होते. फोटो यांचा असेल तर पुढचा सगळा शोध वेगळ्या गणात करावा लागेल. उलट डास मात्र माश्यांच्याच गणात येतात.

दुसरी पायरी: ओळख पटेल असा फोटो

नागपुरात सुरुवात करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी गारठा असतो, माश्यांचे अंग तापलेले नसते आणि त्या उन्हाच्या तिरपेत पानावर बसून राहतात. तासाभराने त्याच माश्या हाती लागत नाहीत. कुंडीत किंवा परसात सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलायला सोडा. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर जितक्या प्रकारच्या माश्या येतात तितक्या महागड्या शोभेच्या झाडांवर येत नाहीत. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर एकदांडी आणि गाजर गवत फुलते, तिथेही थांबा. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठची ओली माती, सेमिनरी हिल्सवरची सावली, गोरेवाड्याकडची झुडपे या जागा वेगवेगळ्या माश्या दाखवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की उघड्यावर फिरण्यात अर्थ नाही. तेव्हा पाण्याजवळची सावली आणि घरचा कूलर पुरतो.

जवळ जाताना तुमची सावली माशीवर पडू देऊ नका. तिला हालचाल फार लवकर कळते, म्हणून हात वर-खाली न करता सरळ रेषेत, अगदी सावकाश पुढे न्या. माशी मागच्या पायांनी पंख पुसत असेल तर ती थोडा वेळ तिथेच राहण्याची शक्यता जास्त, आणि त्याच वेळी पंख बाजूला पसरलेलेही मिळतात. उडाली तर लगेच दुसरीकडे जाऊ नका. फुलांवर तरंगणाऱ्या आणि काडीवर बसून शिकार करणाऱ्या माश्या पुष्कळदा त्याच जागी परततात.

मोबाइलवर क्लिपने बसणारी साधी मॅक्रो लेन्स चालते. डिजिटल झूम टाळा. जवळ जाऊन काढा आणि नंतर कापा. फिल्टर लावू नका आणि मूळ फाइल जपून ठेवा. अंधारात काढलेल्या फोटोत मोबाइल स्वतःहून गुळगुळीतपणा आणतो आणि त्यात अंगावरचे केस पुसले जातात. हेच केस पुढे नाव ठरवतात, म्हणून भरपूर उजेड हवा.

एकाच माशीचे चार फोटो मिळवायचा प्रयत्न करा. वरून काढलेल्या फोटोत वक्षावरचे पट्टे आणि उदरावरची नक्षी दिसते. बाजूने पाय, सोंड आणि वक्षाच्या कडेचे रंग मिळतात. समोरून डोळ्यांमधले अंतर, शृंगिका आणि चेहऱ्यावरचे डाग. चौथा फोटो फक्त पंखाचा. पंख चकाकत असेल तर फोन थोडा तिरका करा. चकाकी सरकते आणि शिरा उमटतात. खाली हिरवे पान किंवा फिकट भिंत असेल तर शिरा वेगळ्या काढता येतात, गर्द नक्षीच्या फुलावर त्या हरवतात. चार मिळाले नाहीत तर वरचा आणि बाजूचा, हे दोन तरी घ्या.

माशी उडून गेल्यावर काम संपत नाही. ती ज्या पानावर बसली होती त्याच पानाला लहान पट्टी लावून एक फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की माशीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगता येते. अंदाजाने लिहिलेली लांबी बहुधा जास्तच असते.

तिसरी पायरी: जागेवरच टिपण

तारीख, वेळ, ठिकाण, झाड किंवा प्राणी, आणि माशी काय करत होती. एवढेच, पण तिथल्या तिथे लिहा. माशी शेणावर होती की पानावर, फळात अंडनलिका खुपसत होती की नुसती बसली होती, यावरून कुलाचा अंदाज बांधता येतो. संत्र्याच्या बागेतल्या सापळ्यात मिळालेली माशी असेल तर सापळ्यात कोणते आमिष होते तेही विचारून घ्या. याचा उपयोग पुढे कळेल.

चौथी पायरी: कोणत्या क्रमाने बघायचे

रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. चकाकता हिरवा रंग निदान चार कुलांत सापडतो, त्यामुळे रंगापासून सुरुवात केली की वाट चुकते.

आधी शृंगिका. त्या लांब, अनेक मण्यांच्या दोऱ्यासारख्या असतील तर डास, चिखलमाश्या आणि त्यांचे भाईबंद. आखूड, तीन भागांच्या आणि वर एक केस असलेल्या असतील तर घरमाशीच्या बाजूच्या माश्या.

मग पंख. घरमाशीच्या पंखात मधली एक लांब शीर कडेकडे जाता जाता कोनात वळून वरच्या शिरेकडे जाते. गोठ्यातल्या चावऱ्या माशीत ती हळुवार वाकते. फुलांवर तरंगणाऱ्या हॉवरफ्लायच्या पंखात मधोमध एक खोटी शीर असते. ती कुठल्याच शिरेला नीट जोडलेली नसते, नुसती दुमड असल्यासारखी दिसते. ही एक गोष्ट फोटोत दिसली की सिरफिडी कुल नक्की. सोल्जर फ्लायच्या पंखात शिरा पुढच्या कडेला गर्दी करून असतात आणि मागचा भाग जवळपास मोकळा. पंखांवरच ठिपके किंवा पट्टे असतील तर फळमाश्यांचे कुल आधी तपासा.

त्यानंतर अंगावरचे जाड केस, वक्षावरचे पट्टे, आणि दोन डोळ्यांमधले अंतर. अनेक कुलांत नराचे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीत मध्ये फट राहते. त्यामुळे नर आणि मादी या दोन वेगळ्या जाती समजण्याची चूक टळते.

नागपुरात नेहमी भेटणाऱ्या

घरमाशी, मस्का डोमेस्टिका, हिला लिनीयसने १७५८ साली नाव दिले. लांबी ६-७ मिमी, वक्षावर चार गडद उभे पट्टे. तिच्यासारखीच पण मोठी, करडी, लाल डोळ्यांची, वक्षावर तीन पट्टे आणि उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेली ती मांसमाशी, कुल सार्कोफॅगिडी. हे चौकोन उजेडाचा कोन बदलला की जागा बदलतात, म्हणून दोन फोटोंत नक्षी वेगळी दिसली तर गोंधळू नका. तीन की चार, हे पट्टे मोजायची सवय लागली तर सुरुवातीच्या निम्म्या शंका मिटतात. गोठ्यातली चावरी माशी स्टोमॉक्सिस घरमाशीएवढीच असते, पण तिची टोकदार कडक सोंड डोक्यापुढे निघालेली असते. बाजूने काढलेल्या फोटोत ती चटकन दिसते.

हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्यांत सर्वांत ओळखीची क्रायसोमाया मेगासेफाला. मासळीबाजार, उकिरडा, जास्त पिकलेली फळे, सगळीकडे असते. डोळे मोठे आणि तांबडे, गाल नारिंगी, उदराच्या भागांच्या कडा काळपट. तिची बहीण क्रायसोमाया रुफिफेसिस दिसायला तशीच, पण दोन खुणा फरक सांगतात. वक्षाच्या बाजूला पुढे श्वासाचे एक छिद्र असते. ते मेगासेफालात गडद तपकिरी आणि रुफिफेसिसमध्ये फिकट पांढरट. गालही रुफिफेसिसचे चंदेरी. बाजूचा फोटो का हवा, ते इथे समजते. वरून काढलेल्या फोटोत यांतले काही दिसत नाही.

हॉवरफ्लायसाठी मला सर्वांत जास्त आस्था आहे, आणि नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. त्या दिवसा फुलांवर येतात, हवेत एका जागी थांबतात, आणि बऱ्याच प्रजाती (कुलाहून लहान, जवळच्या जातींचे गट) फोटोवरून ओळखता येतात. सांबाराच्या फुलावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, वक्षाच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी रेघ असलेली माशी दिसली तर इस्किओडॉन स्कुटेलॅरिस तपासून बघा. वक्षाच्या मागचा छोटा त्रिकोणी भागही पिवळा असतो. उदरावर जाड आणि बारीक काळे पट्टे आळीपाळीने असतील तर एपिसिर्फस. अगदी लहान, ५-६ मिमीची, चेहरा पिवळा आणि उदर काळे किंवा तांबूस असेल तर पॅरागस. या तिघींच्या अळ्या मावा खातात, म्हणून भाजीवर मावा असेल तिथे त्या येणारच. डोळ्यांवर ठिपके किंवा उभ्या रेघा असलेली, मधमाशीसारखी माशी म्हणजे एरिस्टॅलिनस. तिच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात आणि शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतात. म्हणून नाल्याजवळच्या फुलांवर तिला शोधा.

फळमाश्यांवर नागपूरकराने जरा जास्त वेळ द्यावा, कारण आंबिया बहाराची संत्री रंग धरू लागली की हा बागायतदाराच्या पैशाचा प्रश्न होतो. इथे पंख आणि चेहरा दोन्ही लागतात. पंखाच्या पुढच्या कडेने अरुंद गडद पट्टी न तुटता टोकापर्यंत जात असेल, वक्ष बरेचसे काळे आणि उदरावर इंग्रजी टीसारखी खूण असेल तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसचा गट. पट्टी तुटलेली, पंखाच्या टोकाला फक्त एक डाग आणि अंग तांबूस असेल तर चेहरा बघा. दोन वेगळे काळे ठिपके असतील तर बॅक्ट्रोसेरा झोनाटा, ते जोडून आडवी रेघ झाली असेल तर बॅक्ट्रोसेरा करेक्टा. वक्षावर कडेच्या दोन पिवळ्या रेघांखेरीज मधोमध तिसरी पिवळी रेघ असेल तर ती वेलवर्गीय भाज्यांवरची झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी, दोडकी-कारल्यात अंडी घालणारी. आता आमिषाची गोष्ट. मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा यांचे नर येतात. कुकुर्बिटीचे नर क्यू-ल्यूरकडे जातात. फोटो अस्पष्ट असला तरी ही एक नोंद पर्याय कमी करते.

केळ्यावरची चिलटे वेगळ्या कुलातली, ड्रॉसोफिलिडी. अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा असतील तर झॅप्रिओनस प्रजाती. नसतील तर ड्रॉसोफिला लिहून थांबा.

घरी ओला कचरा कुजवणाऱ्यांना काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी एक माशी डब्याभोवती दिसते. तिच्या उदराच्या मुळाशी दोन पारदर्शक खिडक्या असतात. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय, हर्मेशिया इल्युसेन्स. मूळ अमेरिका खंडातली. ती चावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा फस्त करतात, तेव्हा तिला मारू नका. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, बदामाच्या आकाराची, केसाळ आणि पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली ती क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, नाल्यांच्या जाळीखाली वाढणारी. पानांवर तुरुतुरु पळणारी चकाकती हिरवी, काडीसारख्या पायांची माशी डोलिकोपोडिडी कुलातली. उन्हात वाळक्या काडीवर बसून उडते किडे पकडणारी, डोक्यावर दोन डोळ्यांमध्ये खळगा आणि तोंडावर केसांचा झुबका असलेली ती रॉबर फ्लाय, अ‍ॅसिलिडी.

गुरांवरच्या मोठ्या टॅबॅनिडी माश्यांच्या डोळ्यांवर रंगीत पट्टे असतात. मेल्यावर हे रंग उडतात, त्यामुळे जिवंत माशीचा समोरून घेतलेला फोटो इथे संग्रहातल्या नमुन्याइतकाच मोलाचा आहे.

कूलरच्या टाकीतल्या डासांचा फोटो काढणे तर मी प्रत्येकाला सुचवेन. पाठीवर वीणेसारखी पांढरी वक्र आकृती असेल तर एडिस इजिप्ती, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर एडिस अल्बोपिक्टस. डेंग्यू दोन्ही पसरवतात. फोटो काढून झाला की टाकी रिकामी करून घासून टाका.

पाचवी पायरी: कुठे थांबायचे

समजा, धरमपेठेतल्या एका गच्चीवर डिसेंबरच्या सकाळी करड्या माशीचा फोटो मिळाला. वक्षावर तीन पट्टे, उदरावर चौकोन, डोळे लाल. सार्कोफॅगिडी म्हणायला हरकत नाही. फोटोवरून नाव सुचवणारे अ‍ॅप लगेच एखाद्या जातीचे नाव पुढे करील. ते स्वीकारू नका. या कुलातल्या बहुसंख्य जाती नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करता येतात आणि ती तुमच्या फोटोत नाही. तेव्हा ‘सार्कोफॅगिडी’ हेच पूर्ण आणि बरोबर उत्तर. ल्युसिलिया (चकाकत्या हिरव्या माश्यांची एक प्रजाती), ड्रॉसोफिला, केसाळ टॅकिनिडी यांच्या बाबतीतही प्रजातीशी किंवा कुलाशी थांबावे लागते.

तज्ज्ञांनाही हे चुकलेले नाही. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, पपाये आणि इन्व्हेडेन्स या वेगळ्या जाती मानल्या जात होत्या. बाह्य रचना, जनुके आणि आपसातले प्रजनन तपासून २०१५ साली त्या एकच जात ठरवण्यात आल्या. म्हणून ‘डॉर्सालिस गट’ असे लिहिणे कमीपणाचे नाही. चुकीच्या जातीची नोंद मात्र नकाशावर जाऊन बसते आणि पुढे कुणीतरी तिच्या आधाराने निष्कर्ष काढतो.

सहावी पायरी: नोंद आणि नमुना

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर फोटो टाकताना एका माशीचे सगळे कोन एकाच नोंदीत ठेवा, पण दोन वेगळ्या माश्या एकत्र करू नका. घराच्या अंगणातली नोंद असेल तर अचूक जागा झाकण्याची सोय वापरा. अ‍ॅपच्या सूचना आधी टाकल्या गेलेल्या फोटोंवर शिकलेल्या असतात, त्यामुळे ज्या देशांतून जास्त फोटो गेले तिथल्या जाती वर येतात. सुचवलेल्या नावाचा भारतातला नकाशा उघडून बघा, मग वर सांगितलेल्या खुणा फोटोत एकेक करून तपासा. कुणी तुमची ओळख बदलली तर कोणत्या खुणेवरून, ते विचारा. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

खिडकीच्या चौकटीत मेलेली माशी मिळाली आणि तिचा जिवंतपणीचा फोटोही तुमच्याकडे असेल तर ती फेकू नका. कोरडी करून लहान डबीत ठेवा, कापसाऐवजी कागदाची घडी घाला, कारण कापसाच्या धाग्यांत पाय आणि शृंगिका अडकून तुटतात. डबीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि फोटोच्या फाइलचा क्रमांक. अभयारण्य, व्याघ्रप्रकल्प किंवा वन विभागाच्या ताब्यातल्या जागेतून मात्र मेलेला किडाही परवानगीशिवाय उचलू नका. तिथे फक्त फोटो.